चौथं माप

टिचकीला दातांच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, त्या दिवसापासून तिचे वडील तिच्याशी थेट बोलेनासे झाले. अबोला म्हणावा तर तसंही नाही. बोलायचे, पण आईमार्फत. तिघं जेवायला बसली की समोरच्या पोरीकडे न बघता ते बायकोला म्हणायचे, "डॉक्टरीणबाईंना विचार, मीठ इकडे सरकवायला त्यांना जमेल का." आई मीठ स्वतःच उचलून त्यांच्या ताटाशी आदळायची. टिचकी मान खाली घालून जेवायची आणि मनात तयार झालेलं उत्तर घासाबरोबर गिळायची.

कागदोपत्री तिचं नाव वेगळं होतं. पण जन्मली तेव्हा इतकी किडकिडीत होती, की आत्या म्हणाली, हिला टिचकी मारली तरी उडून जाईल. तेच चिकटलं. शाळा संपली, उंची बापाच्या खांद्यावर गेली, तरी ती टिचकीच राहिली.

वडील कवळ्या बनवायचे. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं सगळं सामान होतं: प्लास्टरचं पिंप, मेणाच्या पट्ट्या, लोखंडी डब्या, घासायचं मशीन, आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन डब्यातून पाठवत. वडील त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढत, साच्यावर मेण चढवून त्यात दात रचत, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून शिजवत, घासत, चकाकवत, आणि कवळी त्याच डब्यातून परत जायची. सव्वीस वर्षं हे चाललं होतं. सव्वीस वर्षांत आपली कवळी घातलेलं एकही तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. कवळी नीट बसली तर डॉक्टरचा हात चांगला, टोचली तर कवळीवाल्याचा हात वाईट, असा तो धंदा.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या आधी त्यांनी खिडकीखाली दुसरं टेबल ठोकून घेतलं होतं, तिच्या उंचीचं. पोरीचा हात त्यांच्यासारखाच हलका. परीक्षा संपली की ती तिथे बसणार, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं आणि कुणी नाही म्हटलं नव्हतं. टिचकीने कॉलेजचा फॉर्म गुपचूप भरला. तो भरायला मदत केली ती चौकातल्या डॉक्टरने, आणि जगात कुणावर वडिलांचा दात असेल तर तो त्याच डॉक्टरवर.

निम्मं काम त्याच्याकडून यायचं. निम्म्याहून जास्त परतही त्याच्याकडूनच यायचं, सोबत एक चिठ्ठी: "पुन्हा करणे." टिचकी दहा वर्षांची असल्यापासून डबे पोचवायला त्याच्या दवाखान्यात जायची. तो तिला खुर्चीशेजारी उभं राहून बघू द्यायचा. "डबे काय वाहतेस," तो एकदा म्हणाला होता, "डोकं आहे तुला. खुर्चीच्या या बाजूला ये." तेवढं एक वाक्य उशाशी घेऊन तिने चार वर्षं काढली होती. कॉलेज दूरच्या शहरात होतं, वसतिगृह भरलेलं होतं, तर त्यावरही त्याच्याकडे तोड होती. त्याची बहीण कॉलेजपासून दोन गल्ल्या सोडून राहायची, तिच्याकडे एक खोली रिकामी होती. "माझा शब्द आहे," तो म्हणाला.

सुट्टीत दवाखान्यात मदतीला ये, हेही त्यानेच सुचवलं. आईने ते घाबरत घाबरत वडिलांच्या कानावर घातलं.

"जाऊ दे की," वडील मशीनवर कवळी घासता घासता म्हणाले. "शत्रूच्या गोटात जायचंच आहे तर आत्तापासून जाऊ दे. तिथली रीत कळेल. चिठ्ठ्या कशा लिहायच्या ते शिकून येईल."

कॉलेजने सामानाची यादी पाठवली होती. पांढरे कोट दोन, कोरायच्या हत्यारांचा संच, मेणाच्या वड्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की पहिल्याच महिन्यात मेणात दात कोरायची परीक्षा होईल. टिचकी दुपारी मागच्या पायरीवर बसून कोरायला लागली. तीन दिवस खपून तिने एक दाढ केली. वडील हात धुवायला बाहेर आले, तिच्या मांडीवरची दाढ उचलली, उन्हाकडे धरली, फिरवून पाहिली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते तिच्याशी बोलले.

"हा दात आहे की वाटाणा?"

आणि अंगठा दाबून त्यांनी दाढेचा चुरा केला.

"शिकवायचं नसेल तर मोडूही नका," टिचकी म्हणाली. तिचा आवाज चिरकला, त्याचाच तिला जास्त राग आला.

"मोडायला शिकावं लागत नाही. तुझे डॉक्टर माझं रोज मोडतात. आता तूही मोडशील." बोटांचं मेण दगडाला पुसून ते आत गेले.

त्याच सुमाराला मोठ्या बाईंच्या कवळीचं प्रकरण पेटलं. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी त्या रस्त्याने निघाल्या की पन्नाशीची माणसं सिगारेट पाठीमागे लपवायची. डॉक्टरलाही त्यांनी शिकवलं होतं, आणि वर्गाबाहेर उभंही केलं होतं. आता बाईंचे खालचे दात संपले होते. डॉक्टरने माप पाठवलं, वडिलांनी कवळी केली, ती परत आली. दुसरं माप, दुसरी कवळी, तीही परत. या वेळच्या चिठ्ठीवर दोन शब्द जास्त होते: "पुन्हा करणे. लॅबची चूक."

वडिलांनी ती चिठ्ठी वाचली आणि दिवसभर कामाला हात लावला नाही. साचा समोर ठेवून त्यावर कवळी बसवायचे, काढायचे, पुन्हा बसवायचे.

"काय बघताय एवढं?" आईने विचारलं.

"साच्यावर बसते. तोंडात बसत नाही. म्हणजे साचा तोंडासारखा नाही." एवढंच बोलून त्यांनी कवळी पुन्हा साच्यावर बसवली. दाराशी उभ्या टिचकीने ते ऐकलं आणि मनात म्हणाली, हात वाकडा पडला असेल, कबूल करायला जीभ जड होते. तिला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. दवाखान्यात महिनाभर डॉक्टरच्या तोंडून "तुझ्या वडिलांचं काम हल्ली ढिलं झालंय" हे इतक्यांदा ऐकलं होतं, की ते तिच्या कानात मुरलं होतं.

तिसऱ्या मापाच्या दिवशी ती डॉक्टरच्या शेजारी उभी होती. त्याने मापाची पावडर पाण्यात कालवली, ट्रेमध्ये भरली, बाईंच्या तोंडात दाबली. एवढ्यात फोन वाजला. फोन कानाशी धरूनच त्याने ट्रे ओढून काढला, खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवला आणि बोलत बोलत फेऱ्या मारायला लागला. शिपाई डबा घेऊन एक वाजता निघायचा. आत्ता दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

टिचकी त्या ट्रेकडे बघत राहिली. महिनाभर ती रोज हे बघत होती आणि आज पहिल्यांदा तिला दिसलं. घरी डबा आला की वडील हातातला घास टाकून उठायचे. आई चिडायची, जेवण सोडून कुठे पळता, आणि ते म्हणायचे, माप थांबत नाही, ओलं आहे तोवर तोंड असतं, सुकलं की नुसता आकार. टिचकीला ती त्यांची नेहमीची कटकट वाटायची. आता कट्ट्यावरचं माप कडेने फिकट पडत होतं. अडीच तास उन्हात सुकून, आकसून ते घरी पोचणार, आणि वडील धावत उठून त्यात प्लास्टर ओतणार, इमानाने, बाईंच्या नसलेल्या तोंडाचा साचा काढणार.

तिने कापड भिजवलं, पिळलं आणि मापावर घातलं.

डॉक्टरने फोन ठेवला. "हे काय?"

"सुकतंय, सर."

"ते बघायला मी आहे." त्याने कापड उचलून बेसिनमध्ये टाकलं आणि बाईंकडे वळून हसला. "बाई, या वेळी मी जरा कडक लिहितो. काय आहे, कवळीवाल्यांचं वय झालंय. हात थरथरतो. जुना माणूस म्हणून आपण सांभाळून घेतो."

"त्यांचा हात थरथरत नाही," टिचकी म्हणाली.

"तू बाहेर जा."

"जाते. पण हात थरथरत नाही त्यांचा. तुमचं माप इथे तासन्‌तास उन्हात पडतं. मी महिनाभर बघतेय. मागच्या बुधवारचं तर दुसऱ्या दिवशी गेलं. त्यावर कुणीही कवळी केली तरी ती टोचणारच."

दवाखान्यात दोन पेशंट बाकावर बसले होते. दोघांनी एकदमच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सुरुवात केली. डॉक्टरचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापासून लाल होत आला.

"बारकीशी पोरगी," तो हळू आवाजात म्हणाला, "अजून कॉलेजची पायरी चढली नाहीस. फॉर्म कुणी भरून दिला तुला?"

"तुम्ही."

"राहायची सोय कुणी केली?"

"तुम्हीच."

"मग ऐक. उद्यापासून इथे यायचं नाही. आणि माझ्या बहिणीकडे खोली नाही. आज संध्याकाळीच तिला कळवतो."

"थांब रे," खुर्चीतून मोठ्या बाई म्हणाल्या. दात नसल्यामुळे शब्द मऊ पडले होते, पण "रे" मधली धार तशीच होती. "ती सांगते ते खरं की खोटं, एवढंच सांग."

डॉक्टरने पुन्हा फोन उचलला. टिचकीने पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि घरी आली.

घरी येताना तिच्या चालण्यात थोडी ऐट होती. कुठेतरी तिला वाटत होतं, की वडिलांना हे सांगितल्यावर महिन्याभराचं सगळं धुऊन निघेल. तिने मागच्या खोलीच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. वडिलांनी मशीन बंद केलं. चाक थांबेपर्यंत ते त्याकडे बघत राहिले.

"तुला कुणी सांगितलं होतं माझी वकिली करायला?"

टिचकीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"सव्वीस वर्षं मी या खुर्चीवर बसलोय," वडील म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "सुकलेलं माप आणि ताजं माप मला कळत नाही असं वाटलं तुला? डबा उघडला की वासावरून कळतं. त्याच्याकडून पहिलं माप आलं त्या दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो. एकदा. तो म्हणाला, तुम्ही साचे ओता, तोंडं मी बघतो. पुढचे दोन महिने एक डबा आला नाही. तू तीन वर्षांची होतीस. तुझ्या आईला विचार ते दोन महिने कसे गेले."

"म्हणजे घाबरलात," टिचकी म्हणाली. "मी तुम्हाला हात वाकडा असलेला माणूस समजत होते. आता घाबरट समजते. यातलं बरं कुठलं ते तुम्हीच सांगा."

वडील उठले. हातातली कवळी त्यांनी टेबलावर ठेवली, अगदी सावकाश, जशी ते नेहमी ठेवत. मग खिडकीखालचं टेबल दोन्ही हातांनी धरलं आणि उचलून बाहेरच्या अंगणात फेकलं. त्याचा एक पाय निखळून भिंतीपर्यंत गेला.

आई स्वयंपाकघरातून आली. ती पाच मिनिटं ऐकत असणार. तिने आधी तुटलेला पाय उचलून भिंतीला टेकवून ठेवला.

"झालं तुमचं?" ती म्हणाली. "तुम्हाला पोरगी घरात हवी होती, ते तोंडाने बोलायचं नाही, म्हणून महिनाभर मला मधे उभं करून टोमणे मारलेत. आणि तू. तुला बापाची बाजू घ्यायची होती तर ती चौकात घेतलीस, घरात येऊन त्याला घाबरट म्हणालीस. मी तुमच्या दोघांमधली टपालपेटी नाही. आजपासून ज्याला जे बोलायचं ते थेट बोला, नाही तर मुके मरा."

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाई आल्या. दारावरची घंटा न वाजवता सरळ मागच्या खोलीत शिरल्या, धुळीने भरलेल्या स्टुलावर रुमाल टाकून बसल्या आणि खोलीवर नजर फिरवली, वर्गावर फिरवावी तशी.

"कवळी तुम्ही करता ना? मग माप तुम्हीच घ्या."

वडील उभे राहिले होते. ते कधी कुणासाठी असे उभे राहताना टिचकीने पाहिलं नव्हतं. "बाई, तोंडात हात घालायचा हक्क मला नाही. कायदा आहे तसा. ते काम डॉक्टरांचं."

"कायदा मला माहीत आहे. तोंडात हात तो घालेल. तुम्ही शेजारी उभे राहा, आणि तो बाहेर काढेल तेव्हा तिथल्या तिथे तुमचा साचा ओता. मी त्याला सांगून आले आहे. अकरा वाजता."

"त्याने ऐकलं?"

"सहावीत ऐकत नव्हता," बाई म्हणाल्या. "आता ऐकतो."

वडिलांनी धुतलेला शर्ट घातला. डब्यात प्लास्टर घेतलं, कालवायची पट्टी घेतली, आणि रबराचं वाडगं टिचकीच्या अंगावर टाकलं. "धर. आणि तिथे एक शब्द जरी बोललीस, तर मी अर्ध्यातून उठून येईन."

"मला हौस नाही यायची."

"मलाही तुला न्यायची नाही. प्लास्टर कालवताना वाडगं धरायला माणूस लागतं."

दवाखान्यात डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. जागा कमी आहे, बाहेर थांबा, असं तो म्हणायला गेला, पण बाईंनी बोट दाखवलं आणि वडील त्या बोटाच्या दिशेने खुर्चीशेजारी जाऊन उभे राहिले. खोलीत नळाचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. डॉक्टरने माप कालवलं, ट्रे बाईंच्या तोंडात दाबला. काही वेळाने त्याचा हात ट्रेच्या दांडीकडे गेला.

"अजून अर्धं मिनिट," वडील म्हणाले.

डॉक्टरचा हात तसाच थांबला. टिचकीला वाटलं, आता हा ट्रे आपल्या तोंडावर येणार. पण त्याने हात मागे घेतला. अर्धं मिनिट फार लांब होतं. मग त्याने ट्रे काढला आणि न बघता बाजूला धरला, एखादी घाणेरडी वस्तू धरावी तसा. वडिलांनी तो घेतला, नळाखाली धुतला, झटकला, टिचकीने धरलेल्या वाडग्यात प्लास्टर कालवलं आणि ट्रेच्या एका कोपऱ्यातून थेंबाथेंबाने ओतायला लागले. दुसऱ्या हाताची बोटं खालून सारखी टकटक करत होती, बुडबुडे निघावेत म्हणून. हात दगडासारखा स्थिर होता. डॉक्टर पाठ करून हात धूत राहिला, साबण संपेल इतका वेळ.

प्लास्टर घट्ट होईस्तोवर करायला काही नव्हतं. वडील वाकले आणि त्यांनी बाईंच्या उघड्या तोंडात पाहिलं. डाव्या हिरडीवर लाल चट्टा होता, त्यांच्याच कवळीच्या कडेचा. ते बराच वेळ बघत राहिले.

"फार टोचत असणार," ते म्हणाले.

"खायची सोय नव्हती," बाई म्हणाल्या. "बोलता येत होतं, त्यावर दिवस काढले."

टिचकी वाडगं खरवडत होती. वडील मान वर करेनात, म्हणून तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. तिला त्यांचा राग अजून आलेलाच होता. तो तसाच ठेवायचा होता तिला.

आठ दिवसांनी कवळी तयार झाली. बाईंनी ती घातली, दवाखान्यातच एक बिस्कीट चावून खाल्लं आणि डॉक्टरला म्हणाल्या, "बसली." डॉक्टर म्हणाला, "शेवटी जमलं तर कवळीवाल्यांना." बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचा पेशंट बोलावला. पण बाईंचे दात नीट बसले आणि त्यांचं काम संपलं, आणि त्या दिवसानंतर चौकातून डबा आला नाही. एक नाही. उरलेल्या डॉक्टरांमध्ये बोलवा झाली, की कवळीवाले हल्ली दवाखान्यात घुसून डॉक्टरांना शिकवतात. त्यातल्या दोघांनी काम कमी केलं.

बहिणीकडची खोली गेली ती गेलीच. आईने तिच्या लांबच्या एका मावसबहिणीला फोन केला, तिने आढेवेढे घेत घेत एक खाट टाकू म्हणून सांगितलं.

सुट्टीचे शेवटचे तीन आठवडे राहिले होते. एका सकाळी वडिलांनी अंगणातून टेबल आत आणलं, त्याला पाय ठोकला आणि टिचकीला हाक मारली.

"तुझ्या तोंडापायी काम गेलं. मी रिकामा बसलोय. बस इथे."

"कशाला?"

"वाटाणे कोरायला."

तिला उठून जायचं होतं. पण परीक्षा पहिल्याच महिन्यात होती, आणि दुसरं शिकवणारं कुणी नव्हतं. ती बसली. रोज सकाळी नऊ ते एक, आणि पुन्हा चार ते सहा. वडील शिकवत नव्हते, झोडपत होते. सुळ्याला खांदा दिला नाही तर मोडायचे. पुढच्या दाताची पाठ सपाट झाली, मोडायचे. दाढेवरची खळगी चुकली, तर त्यावर थुंकल्यासारखं "ह्या" म्हणून मोडायचे. कधी तर पूर्ण व्हायच्या आधीच तिच्या हातातून काढून घ्यायचे. तिच्या बोटांना चिरा पडल्या. एक दिवस तिने हत्यार टेबलात रोवलं आणि म्हणाली, "तुम्हाला मजा येते यात."

"येते," वडील म्हणाले. "तुला डॉक्टर व्हायचंय ना? लोकांच्या कामाला नाव ठेवायचं असेल तर आधी ते काम हाताला लागू दे."

"मी तुमच्या कामाला कधी नाव ठेवलं?"

"महिनाभर ठेवत होतीस. तोंडाने नाही, डोळ्यांनी."

त्यावर ती जास्तच चिडली आणि त्या दिवशी सहा वाजून गेले तरी उठली नाही. ते कधीच चांगलं म्हणाले नाहीत. काही दात मात्र हातात घेऊन, फिरवून, न मोडता टेबलावर परत ठेवायचे. जायच्या दिवसापर्यंत असे अकरा झाले. तिने ते कापसात गुंडाळून बॅगेत ठेवले.

निघताना ती मागच्या खोलीच्या दारात गेली. वडील साच्याच्या कडा तासत होते.

"निघते."

"जा. आणि चार वर्षांनी मला चिठ्ठ्या पाठव. पुन्हा करणे."

"चुकलं असेल तर पाठवीन."

"आणि तुझं चुकलं असेल तर?"

ती थांबली. पायात बूट होते, बस अर्ध्या तासात होती. "तर तुम्ही मला तोंडावर सांगा," ती म्हणाली. "दोन महिने गप्प बसू नका."

वडिलांनी मान वर केली नाही. आई बसपर्यंत आली, ते आले नाहीत.

मावशीच्या घरी तिला खाट मिळाली ती जाण्यायेण्याच्या बोळात, चपलांच्या फळीशेजारी. मावशीची मुलं येता-जाता तिच्या बॅगेला लाथा मारायची. कॉलेज मोठं होतं आणि तिथे कुणाला तिची पडलेली नव्हती. परीक्षेला तिने वरची दाढ कोरली. आजूबाजूची पोरं अजून ठोकळाच तासत होती तेव्हा तिचं काम झालं होतं. शिकवणाऱ्या मास्तरांनी दाढ उचलली, भिंगातून पाहिली.

"हात चांगला आहे. कुठे शिकलीस?"

"घरी."

"पण ही दाढ चुकलीय. वरची टोकं बघ, झिजलेली आहेत. खळगे उथळ. हा साठी उलटलेल्या माणसाचा दात झाला. पुस्तकात असा नाही." त्यांनी निम्मे गुण दिले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा करायला सांगितलं.

टिचकी त्या दाढेकडे बघत बसली. वडिलांनी आयुष्यभर म्हाताऱ्या तोंडांसाठी दात रचले होते, वय बघून त्यांची टोकं घासली होती. त्यांना तेवढेच दात माहीत होते, आणि तेच त्यांनी तिच्या हातात घातले होते.

रविवारी तिने फोन करून हे वडिलांना सांगितलं. मुद्दामच सांगितलं, जरा टोचावं म्हणून.

"पुस्तकातला दात कुणाच्या तोंडात असतो?" वडील कडाडले. "विचार त्या मास्तराला. चावणाऱ्या माणसाचा दात झिजतो. तो चुकलेला नसतो."

"परीक्षा पुस्तकाची आहे, बाबा."

"मग पुस्तकाला दात बसवा तुम्ही. पुन्हा कोरू नकोस. त्यालाच विचार."

"कोरणार आहे. मला पास व्हायचंय."

"तर मग मला कशाला फोन केलास?" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती बोळातल्या खाटेवर रागाने लाल होऊन बसली. मग मेणाची नवी वडी काढली, पुस्तक उघडून गुडघ्यावर ठेवलं आणि आत्तापर्यंत काही चावलंच नाही अशी उंच टोकांची, खोल खळग्यांची एक कोवळी दाढ कोरायला घेतली. शनिवारी ती दाढ पास झाली. त्या रविवारी तिने घरी फोन केला नाही.